एका प्रश्नाला दोन कौल

कुडाळच्या कलकेंद्रात पहिल्या वर्षी एक बाई नारळ घेऊन आली, तेव्हा हेमांगी धुरीने तिला हसत हसत समजावलं होतं की इथे नारळ लागत नाही. दुसऱ्या वर्षी नारळ इतके यायला लागले की शिपायाने कोपऱ्यात त्यांच्यासाठी एक टोपलीच ठेवली.

शासनाने नाव दिलं होतं 'कलमापन'. दहावी झालेल्या प्रत्येक मुलाने एकदा यायचं, टोपी घालून तासभर बसायचं आणि आपलं मन कुठल्या विषयाकडे झुकतं ते कागदावर घेऊन जायचं. पण या जिल्ह्यात 'कल' हा शब्द फार दिवस टिकला नाही. त्याला एक काना आणि दोन मात्रा चिकटल्या आणि कलाचा कौल झाला. कौल इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेला. देवाच्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न मोठ्याने सांगायचा आणि वाट बघायची. देवाची उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणायची, सोयरीक जुळवायची की नाही, सगळं असंच विचारलेलं. मग पोराने पुढे काय शिकायचं ते सांगणारी टोपी तरी वेगळी कशी असेल? "आमच्या झिलाक कसलो कौल गावलो?" असं विचारत लोक येत. हेमांगीने दोन वर्षं शब्द दुरुस्त केला, मग सोडून दिला. तिची आईसुद्धा फोनवर विचारी, "आज किती कौल लावलंस गो?"

शब्द बदलल्याने मोजमाप बदलत नाही, असं हेमांगीला वाटायचं. ती मूळची पदार्थविज्ञानाची.

केंद्राला पाच वर्षं झाली त्या दिवशी मुंबईहून पाहुणे आले. हेमांगीच्या केंद्राची पद्धत राज्यभर नेण्याचं ठरत होतं. भाषणात तिने तेच सांगितलं जे ती शाळाशाळांतून सांगत आली होती, फक्त थोडं सावकाश.

आपल्याला वाटतं, आवड म्हणजे एखादी गोष्ट जमल्यावर होणारा आनंद. पण जमल्याचा आनंद सगळ्यांना सगळ्याच विषयांत होतो, त्याच्यावरून काही ओळखता येत नाही. ओळखायचं ते चुकल्यावर. उत्तर चुकलं की सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मेंदूत एक लाट उठते: चूक कळली. हीसुद्धा सगळ्यांना येते. त्यानंतर, समोर पुढचा प्रश्न आलेला असताना, काहींचं मन मागच्या चुकलेल्या प्रश्नाकडे पुन्हा वळतं. आपलं आपण, न सांगता. या वळण्याला संशोधकांनी 'परतवळण' म्हटलं. हजारो मुलांच्या मागे दहा वर्षं राहून त्यांनी पाहिलं, की ज्या विषयात परतवळण दिसलं त्या विषयात माणूस टिकतो आणि समाधानाने टिकतो, मग त्यात त्याला सुरुवातीला गुण कितीही कमी पडलेले असोत. मोजण्याचं साधनही तोवर हाताशी आलं होतं. टोपीत मण्याएवढ्या काचेच्या कुप्या बसवलेल्या, कुपीत रुबिडियम धातूची वाफ आणि वाफेतून जाणारा लेझरचा किरण. मेंदूतल्या विजेने जे चुंबकत्व निर्माण होतं ते पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अब्जावा भाग, पण त्या वाफेला तेवढंही कळतं. म्हणून तर मापनाच्या खोलीला आतून धातूचे पत्रे मारलेले होते.

"बारा क्षेत्रांतले प्रश्न विचारतो," हेमांगी म्हणाली, "आणि मुलांना मुद्दाम चुकवतो. मग बघतो, कुठे वळतायत."

टाळ्या झाल्या. पाहुण्यांसाठी बाहेर मांडलेल्या पडद्यावर 'गणित आणि अंदाज' या क्षेत्राचा नमुना चालू होता. दोन मेणबत्त्या, वाऱ्याची झुळूक, आणि प्रश्न: कोणती आधी विझेल? पाहुण्यांनी दोन-तीनदा बोट लावलं, हसले आणि जेवणाकडे गेले.

वाढायला गावच्या आदरातिथ्य विद्यालयाची मुलं आली होती, पांढऱ्या शर्टावर काळी जाकिटं घालून. त्यातली एक मुलगी सोलकढीच्या पेल्यांचा ट्रे घेऊन पडद्यासमोर थांबली. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे तिने पडद्याला बोट लावलं नाही. नुसती हनुवटी उजवीकडे केली. डावी मेणबत्ती विझली. मुलगी पुढे गेली, पेले वाटले आणि परत येताना जवळची वाट सोडून पडद्यावरून आली. पुन्हा हनुवटी हलली, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा ती रिकामा ट्रे घेऊन आली, तेव्हा त्यांच्या सरांनी लांबून टोकलं, "राऊळ, पाहुणे इकडे आहेत. मेणबत्त्यांना भूक नाही."

हेमांगी कोपऱ्यातून बघत होती. तासाभरापूर्वी जे तिने शब्दांत सांगितलं होतं ते तिच्या समोर चालत येत-जात होतं.

ती मुलगी भांडी घासायच्या जागेकडे वळली तशी हेमांगीही गेली. नाव विचारलं. केतकी राऊळ, कांदळखोलची, आदरातिथ्याचं पहिलं वर्ष.

"मेणबत्त्यांचं काय झालं?"

केतकी आधी गडबडली. मग टेबलावर दोन पेले ठेवून सांगू लागली. झुळूक उजवीकडून येते, म्हणून सगळे उजवी म्हणतात. पण उजवीची वात मोठी आहे, मोठी वात लवकर विझत नाही. "म्हणून पुढच्या खेपेला मी वात धरली हिशेबात. तरी चुकले. म्हणजे अजून काहीतरी आहे, मॅडम."

"मेण," हेमांगी म्हणाली. "वातीच्या बुडाशी वितळलेलं किती साचलंय ते."

केतकीने तिच्याकडे पाहिलं. "सांगायचं नव्हतं," ती हळूच म्हणाली.

हेमांगीला हसू आलं. इतक्या वर्षांत एवढं बरोबर कुणी तिला रागावलं नव्हतं. तिने विचारलं, मग तू आदरातिथ्यात कशी? अंदाजात तुझा कल किती आला होता?

"शून्य," केतकी म्हणाली. रक्तगट सांगावा तसं. "आदरातिथ्याला उजवा कौल आला आणि अंदाजाला शून्य. बाबा म्हणाले, एवढं स्पष्ट कुणालाच येत नाही."

ती दुःखी वगैरे नव्हती. विद्यालयात तिचं बरं चाललं होतं. पंगतीत कुठल्या टेबलावर काय आधी संपणार ते तिला आधीच कळतं, म्हणून सर तिला नेहमी पुढे ठेवतात, हे तिने थोड्या अभिमानानेच सांगितलं. हेमांगीला मात्र एक शब्द खुपत राहिला. शून्य कुणालाच येत नाही. ज्याला गाण्यात काडीचा रस नाही त्याचंही मन गाण्याच्या चुकीकडे अधूनमधून, चुकून वळतंच. रेषा तळाशी असली तरी थरथरते.

"त्या दिवशी तू कशी बसली होतीस?"

"कौलाला बसतात तशी." केतकीला प्रश्नच कळला नव्हता. मग मॅडमना खरंच माहीत नाही हे लक्षात येऊन तिने सांगितलं. कांदळखोलच्या देवळात कौल लावायचा मान तिच्या वडिलांचा. विचारणाऱ्याने मन रिकामं ठेवायचं असतं. जे हवं असेल तिथे तर मन न्यायचंच नाही, नेलं तर आलेला कौल आपल्या इच्छेचा, देवाचा नाही. "बाकीच्या प्रश्नांना सोपं गेलं. अंदाजाच्या वेळी फार सांभाळावं लागलं."

"का?"

केतकी पेले पुसत राहिली. "तेच हवं होतं ना," ती म्हणाली.

पाहुणे गेल्यावर हेमांगीने केतकीची मूळ नोंद उघडली. कागदावर जाणारा आकडा म्हणजे तासभराच्या नोंदीची सरासरी. ती सरासरी तिने गेल्या उन्हाळ्यात स्वतः पाहिली होती आणि सही केली होती. आता ती क्षणाक्षणाने बघत गेली. गाणं, शेती, यंत्रं, रुग्णसेवा, सगळीकडे हलकी थरथर. आदरातिथ्यात खरंच चांगलं वळण. अंदाजाचे प्रश्न सुरू झाले आणि रेषा ताठ झाली. त्याच वेळी कपाळाच्या उजव्या बाजूच्या आतून एक वेगळी, घट्ट लय उठली होती. मेंदू एखादी सुरू झालेली हालचाल थोपवतो तेव्हा उठणारी. संगणकाने ती चुळबुळ समजून गाळून टाकली होती. प्रत्येक चुकीनंतर ती लय चढत होती. जितकं मन वळू बघत होतं तितकी मुलगी ते धरून ठेवत होती.

उतारावरची गाडी दोन कारणांनी थांबलेली असते. एक तर उतारच नसतो, नाही तर कुणीतरी ब्रेक दाबलेला असतो. हेमांगीच्या यंत्राला दोन्ही गाड्या सारख्याच दिसत होत्या.

मग तिने संगणकाला इतर नोंदींत हीच लय शोधायला लावली. फार मुलं निघाली नाहीत. पण जी निघाली त्यांच्या गावांची नावं वाचताना ती खुर्चीत मागे टेकली. जिथे जिथे अजून कौल लागतो तीच गावं. शब्दाने मोजमाप बदललं होतं. मुलं कलाला नव्हे, कौलाला बसली होती, आणि ज्या गोष्टीवर त्यांचा जीव होता नेमकी तीच त्यांनी धर्म म्हणून दाबून ठेवली होती.

नियम साधा होता. मापन एकदाच. दुसऱ्यांदा बसवायचं तर केंद्रप्रमुखाने मापनदोष मान्य करायचा आणि पालकाने संमती द्यायची. शाखा बदलायची मुदत दिवाळीच्या सुट्टीबरोबर संपणार होती. ती गेली की अकरावी विज्ञानाच्या गणित गटाचं दार केतकीला बंद झालं, कारण शून्य कलावर त्या गटात कुणी घेत नव्हतं.

हेमांगीने विभागीय संचालक आगाशे यांना फोन लावला. ते माणूस म्हणून चांगले होते आणि म्हणूनच त्यांनी तिला सावध केलं. पद्धत राज्यभर जाणार, आणि त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख आपल्याच यंत्रात दोष असल्याचं लिहून देणार? थोडं थांबता येणार नाही का? ती म्हणाली, यंत्रात दोष नाही, आम्ही मुलांना कौलाला बसावं तसं बसू दिलं त्यात आहे, आणि तो राज्यभर नेण्याआधी सापडला हे नशीब. थांबायला मात्र मुलीकडे वेळ नाही. आगाशे म्हणाले, "लिहा. पण ती गाळलेली लयही सोबत पाठवा, सगळ्या नोंदींची. मला वाचायची आहे." हेमांगीने त्याच संध्याकाळी सही केली. अवघड भाग झाला, असा तिचा समज झाला.

कांदळखोल खाडीच्या काठावर आहे. केतकीचे वडील लवू राऊळ अंगणात सुपारी सोलत बसले होते. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्यांनी हेमांगीला कोकम सरबत दिलं, तिचं सगळं बोलणं सुपारीवरची नजर न काढता ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाईनू, एका प्रश्नाक दोन कौल नसतत."

"पण हा कौल नाही," हेमांगी म्हणाली. "हा कल आहे."

लवू राऊळांनी तेव्हा वर पाहिलं. "पाच वर्सा नारळ घेतलात. तेव्हा कौल होतो. आता कल झालो?"

टोपली हेमांगीच्या डोळ्यांसमोर भरली होती. तिने तसं कबूल केलं आणि मग जमेल तेवढं नीट सांगितलं. कौल देवाचा, तो आला की आला. कल माणसाचा. माड उजेडाकडे कलतो तसं मन कलतं. आडोसा आला तर माड सरळ दिसतो, पण म्हणून त्याला उजेड नको आहे असं होत नाही. आम्ही मोजलं त्या दिवशी तुमच्या मुलीने स्वतःच आडोसा धरला होता.

"ता कित्याक?"

उत्तर केतकीने दिलं. ती दाराला टेकून उभी होती. "तुमीच सांगल्यात ना, बाबा. जा होया, थंय मन नेवचा नाय."

आणि मग जे हेमांगीला माहीत नव्हतं ते तिने सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना देवळात वडिलांच्या मागे उभी राहून कुठली पाकळी आधी पडणार ते पुटपुटायची. देवाच्या डाव्या खांद्याला उत्तरेच्या झरोक्यातला सकाळचा वारा लागतो. उजव्या खांद्याजवळ लामणदिवा, त्याची धग. वारा असला की डावी आधी सुकते, वारा पडला की उजवी. दमट दिवसात वेगळं, कोरड्या दिवसात वेगळं. तिचं बहुतेक वेळा बरोबर यायचं. चुकलं की रात्रभर डोक्यात तेच. एक दिवस वडिलांनी तिला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत. कौलाचो अंदाज करूचो नसता, एवढंच म्हणाले. तेव्हापासून देवळात पाऊल टाकलं की ती मन घट्ट मिटून घ्यायची. पुढे पुढे तिला ते सवयीने जमू लागलं, देवळाबाहेरसुद्धा.

लवू राऊळांच्या हातातली सुपारी तशीच राहिली होती.

ते बोलले ते हेमांगीशी. मुलीचं त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या घरात मान होता तो एकाच कारणाने. राऊळ एका तांब्यातलं पाणी घेतो, दोन्ही पाकळ्यांना तोच अंगठा दर वेळी नव्याने बुडवून सारखं लावतो आणि आलेला कौल कधी फिरवत नाही. भावाभावांची भांडणं त्यावर मिटली होती. त्याच राऊळाच्या मुलीला एकदा कौल मिळाला आणि मनासारखा आला नाही म्हणून ती पुन्हा बसली, असं गावाने पाहिलं तर उद्या त्यांच्या पाकळीवर कोण विश्वास ठेवील? "मनासारखो येयसर परत परत लावतत, म्हणतले," ते म्हणाले. कलाचं आणि कौलाचं अंतर त्यांना समजलं असेल, गावाला ते कोण समजावणार?

हेमांगी उठायच्या बेतात होती. लवू राऊळ म्हणाले, "देवाक इचारतंय. पोरीक परत बसवू काय, इतक्याच. उजवी पडली तर सही करतंय. डावी पडली तर तुमी परत येवचा नाय."

खाडीच्या बांधावरून परत जाताना हेमांगी मनातल्या मनात चिडली होती. एवढी वर्षं ज्या गोष्टीतून मुलांना सोडवायचं म्हणून काम केलं, त्याच दोन पाकळ्यांवर आता एका मुलीचं शिक्षण टांगलेलं. केतकी तिला गाडीपर्यंत सोडायला आली होती. पलीकडे समुद्रात तरत्या पवनचक्क्यांची रांग सावकाश फिरत होती. केतकी त्या पात्यांकडे बघत म्हणाली, "दिवाळीआधी सकाळी वारा असतोच, मॅडम." आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने ओठ मिटले.

"मिटू नकोस," हेमांगी म्हणाली. "मला एवढंच हवंय तुझ्याकडून. पाकळी कुठलीही पडू दे."

सोमवारी सकाळी देऊळ लहान आणि थंड होतं. आपल्या पाळीची वाट बघत दोघे-तिघे पायरीवर बसले होते. एकाला बोटीच्या इंजिनाविषयी विचारायचं होतं, एकाला लेकीच्या सोयरिकीविषयी. मंडपाच्या कडेला काळा पाषाण, त्याच्या एका अंगाला झरोका, दुसऱ्या अंगाला लामणदिवा. दिव्याची ज्योत आडवी झाली होती. वारा होता.

हेमांगीने केतकीकडे पाहिलं. मुलीचे डोळे झरोक्यावरून ज्योतीवर आणि ज्योतीवरून पाषाणावर जात होते. ओठ हलत होते. ती थोपवत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर उत्तर आलं आणि ते उत्तर तिला नको असलेलं होतं, हेही लगेच दिसलं.

लवू राऊळांनी पाकळ्या निवडल्या, पाण्याचा तांब्या पुढे ओढला आणि थांबले. मान न वळवता त्यांनी विचारलं, "खंयची?"

पायरीवरचे दोघे एकमेकांकडे बघू लागले. कौलाआधी असा प्रश्न या देवळात कुणी ऐकला नव्हता, आणि राऊळाच्या तोंडून तर नाहीच. केतकीला गप्प राहता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. हेमांगीला क्षणभर वाटलं, म्हण उजवी.

"डावी," केतकी म्हणाली.

लवू राऊळांनी मान हलवली. अंगठा पाण्यात बुडवला, डावी पाकळी लावली, उजवी लावली आणि मोठ्या आवाजात देवापुढे गाऱ्हाणं घातलं. पोरीक परत बसवू काय. तेवढंच, एका शब्दानेही जास्त नाही.

मग वाट. बाहेर कुणाची तरी विजेची रिक्षा येऊन थांबली. डाव्या पाकळीची कड उचलली गेली. पण पाकळी तशीच राहिली. ज्योत वाऱ्याने लवत होती, उठत होती. आणि उजवी पाकळी, काहीही आगाऊ न सांगता, सुटून खाली आली.

"उजवो दिल्यान," पायरीवरचा बोटवाला म्हणाला. लवू राऊळांनी हात जोडले आणि तसेच हेमांगीकडे वळून म्हणाले, "कागद द्या." तिने पुढे केलेल्या संमतीवर त्यांनी गुडघ्याचा आधार घेऊन सही केली. अक्षर वळणदार, जराही घाई नाही. झालं. मुदतीच्या आत झालं. हेमांगीला मोठ्याने हसावंसं वाटत होतं आणि तो आनंद वाटून घ्यायला तिने केतकीला शोधलं.

केतकीचं लक्षच नव्हतं. जे हवं होतं ते मिळालं हे तिच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं बहुतेक. ती पाषाणापाशी गुडघ्यांवर बसली होती, कपाळाला आठ्या घालून. वारा होता. दमट नव्हतं. डावीच पडायला हवी होती. तिने झरोक्याशी हात धरून पाहिला, मग ज्योतीशी. पुन्हा झरोक्याशी.

हेमांगी तिथेच थांबली. एवढ्या किमतीची टोपी, त्या कुप्या, ती वाफ, ती पत्रे मारलेली खोली. आता केवळ कागदावर आकडा यावा म्हणून ते सगळं लागणार होतं. बघायचं ते बघून झालं होतं.

केतकीने पडलेली पाकळी उचलली आणि उलटी केली. मागची बाजू जवळजवळ कोरडी होती, पाण्याचा नुसता एक ठिपका. मग तिने बोटाचं टोक डाव्या पाकळीखाली लावलं. तिथून पाण्याचा ओघळ अजून पाषाणावर उतरत होता. मग तिने वडिलांच्या हाताकडे पाहिलं.

"काय गो?" लवू राऊळ तांब्या उचलत होते.

"मी चुकलंय."

"मगे?"

"एक गोष्ट मी धरूकच नाय."

लवू राऊळांनी अंगठा पंच्याला पुसला. सावकाश, पूर्ण कोरडा होईपर्यंत.

"आता धर," ते म्हणाले आणि बोटवाल्याचा नारळ घ्यायला वळले.